चार टायर आणि एक पावसाळा

जर्मनीला जाऊन आलेला मराठी माणूस ऱ्हाइन नदी, कलोनचे कॅथीड्रल आणि तिकडच्या आगगाड्यांचा (आता बराचसा ऐकीवच राहिलेला) वक्तशीरपणा यांवर लिहितो. मी टायरांवर लिहिणार आहे. वाचकांनी हसू नये. मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. तत्पुरुष आणि बहुव्रीही यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पण उन्हाळ्याचे टायर निराळे आणि हिवाळ्याचे निराळे असतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्याकडे टायरांच्या दोनच जाती: चालणारे आणि गोटा झालेले.

माझा भाचा स्टुटगार्टला इंजिनिअर आहे. मेच्या सुट्टीत ताईला घेऊन मी त्याच्याकडे गेलो. स्टुटगार्ट म्हणजे टेकड्यांच्या मधोमध ठेवलेली एक खोलगट परात. कडेच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत आणि ते थेट वस्तीत उतरले आहेत. या शहराचे आणि मुंबईचे १९६८ पासून भगिनी-नगरांचे नाते आहे. पण दोघी बहिणी रूपाने आणि आवाजाने मुळीच सारख्या नाहीत. पहिल्या दिवशी पहाटे खिडकीत उभी राहून ताई म्हणाली, "अरे, इथले कावळेसुद्धा हळू बोलतात!"

भाच्याने एक जुनी पोर्श बॉक्स्टर घेतली होती. पोर्शचा कारखाना याच शहराच्या झुफेनहाउझेन भागात आहे, त्यामुळे तिकडे ही गाडी म्हणजे आपल्या कोल्हापुरात कोल्हापुरी चपला! गाडी ठेंगणी, टप उघडणारा, इंजिन पाठीमागे आणि बसायला जागा दोनच. ताईने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, "छान आहे हो," म्हणाली आणि घरात निघून गेली. आठवडा उलटला तरी ती गाडीत बसली नाही. "मला बसच बरी," एवढेच म्हणे. कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होते. बोलत कोणीच नव्हते.

त्या गाडीला त्या वेळी हिवाळी टायर होते. जर्मन लोकांचा एक सुटसुटीत नियम आहे: 'ओ' पासून 'ओ' पर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, हिवाळी टायर. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. साधारण सात अंशांच्या खाली थंडी गेली की उन्हाळी टायरांचे रबर ताठरते आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते, पण उन्हात ते फारच मऊ पडते आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. म्हणून घरोघर चाकांचे दोन संच. ज्याच्या घरी जागा नाही तो एक संच दुकानदाराकडे ठेवतो आणि त्या सोयीला तिकडे चक्क 'टायरांचे हॉटेल' म्हणतात! आमच्या चिरंजीवांचा जुना उन्हाळी संच झिजला होता. नवा कोणता घ्यावा हे ठरत नव्हते, आणि ईस्टर उलटून महिना होत आला होता.

"मामा, मला आवाज न करणारे हवेत," तो म्हणाला. "आई बसली तर तिला घूं घूं नको. आणि पुष्कळ टिकणारे हवेत. आणि पकड तर पाहिजेच."

लग्नाच्या बाजारात देखणी, हुशार, गृहकृत्यदक्ष आणि अबोल वधू शोधणारे पूर्वीचे वरपिते मला आठवले.

दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, जाड चष्म्याचा, हात काळे. त्याने आधी नव्या टायरांकडे पाहिलेच नाही. जुना संच मागवला आणि त्याच्यावरून उलटसुलट हात फिरवला. मलाही फिरवायला लावला. एका दिशेने रबर गुळगुळीत लागे, उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त खाल्लेली. तो म्हणाला, "आवाज टायरने केला नाही, या करवतीने केला. आधी चाकांचे अलाइनमेंट करून घ्या आणि हवा दर महिन्याला तपासा. नाही तर नवे टायरही वर्षभरात असेच गातील." शिवाय या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून झीज सारखी वाटून घेण्याचीही सोय नाही.

मग त्याने टायर 'वाचायला' शिकवले. माझा व्यवसाय वाचनाचा, त्यामुळे मी लगेच रमलो. २६५/४० आर १८ म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के आणि आतल्या चाकाचा व्यास १८ इंच. दुसरीकडे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही टायरची जन्मपत्रिका. तिसरा आकडा झिजण्याचा. ही अमेरिकन पद्धत आहे: १०० हा प्रमाण टायर धरला, तर ३०० चा टायर चाचणीत त्याच्या तिप्पट टिकावा. पण हा आकडा कारखानदार स्वतःच ठरवतो. तेव्हा एकाच कारखान्याच्या दोन टायरांची तुलना त्याने करावी, दोन कारखान्यांची करू नये.

युरोपात प्रत्येक नव्या टायरबरोबर एक सरकारी चिठ्ठी असते. २०२१ पासून तिच्यावर इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना 'ए' ते 'ई' अशा श्रेणी असतात, आणि आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, तेव्हा ७० आणि ७३ यांतला फरक किरकोळ नव्हे. पण गंमत अशी, की हा आवाज गाडीतला नव्हेच. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास नुसती घरंगळत नेतात आणि साडेसात मीटरांवर ठेवलेला मायक्रोफोन जे ऐकतो ते चिठ्ठीवर येते. म्हणजे तो आवाज रस्त्याकडेच्या माणसाचा. आत बसणाऱ्याचा आवाज निराळा: रबराचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांत कोंडलेली हवा फुसकन सुटते आणि टायरच्या पोकळीत घुमारा होतो. ठोकळे सारख्या मापाचे असले तर एकच सूर धरून बसतात. म्हणून ते मुद्दाम लहानमोठे कापतात, म्हणजे सूर मोडतो. काही टायरांत तर घुमारा शोषायला आतून स्पंज चिकटवतात.

त्याने तीन नमुने मांडले. पहिला शर्यतीच्या मैदानाच्या जवळचा: कोरड्या रस्त्याला घोरपडीसारखा चिकटणारा, पण गोंगाटी आणि अल्पायुषी. दुसरा कठीण रबराचा: शांत, चिवट, पण ओल्या रस्त्यावर 'सी'. तिसरा ओल्यावर 'ए', आवाजात मध्यम, आयुष्यात मध्यम, किमतीला मात्र पहिल्या नंबरचा.

भाच्याचा हात दुसऱ्यावर गेला. "हा सर्वांत जास्त टिकेल. आणि आवाजही नाही."

मी तोंड उघडायला नको होते. टायरांतले मला काय कळते? पण मला २००६ सालचा जुलै दिसत होता. दाजी कऱ्हाडहून चिपळूणला निघाले होते. आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात उभे राहून मीच म्हटले होते, "दाजी, टायर गोटा झालेत." त्यांनी बुटाच्या टोकाने टायरला एक हलकीशी ठोकर दिली आणि म्हणाले, "अजून एक पावसाळा निघेल." दाजी कंजूष नव्हते. मुलाची फी भरायची होती. कुंभार्ली घाटात एका वळणावर गाडी ब्रेकला ऐकली नाही. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मी एवढेच म्हटले, "ओल्या रस्त्याचे काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दुसऱ्या टायरवरचा हात त्याने काढून घेतला.

दुकानदाराला मराठी कळण्याचे कारण नव्हते. पण त्याने गल्ल्यातून एक युरोचे नाणे काढले आणि जुन्या टायरच्या खाचेत उभे खोचले. या नाण्याची सोनेरी कड तीन मिलिमीटर रुंद असते. कड दिसली की टायर बदलावा. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालू देतो, पण खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि रुंद टायर तर पाण्यावर तरंगूच लागतो. तो म्हणाला, "टिकाऊपणा तुम्हाला किलोमीटरच्या आकड्यात दिसतो. आवाज कानाला कळतो. ओल्यातली पकड मात्र ज्या दिवशी लागते त्याच दिवशी कळते. म्हणून ती आधी घ्यायची, आणि तिच्यात जो शांत असेल तो निवडायचा." नाणे त्याने मलाच देऊन टाकले.

तिसरा संच बसला. अलाइनमेंटही झाले. नव्या टायरांचा वरचा थर थोडा निसरडा असतो, म्हणून पहिली दोन-तीनशे किलोमीटर आम्ही मामा-भाचे सांभाळून हिंडलो. घूं घूं गेली होती. खडबडीत डांबरावर तेवढी बारीक कुजबुज येई.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी शहराच्या पश्चिमेचा 'सॉलिट्यूड' वाडा पाहायला गेलो. ताई आणि मी बसने, चिरंजीव गाडीने. १७६३ ते १७६९ या काळात कार्ल ऑयगेन या ड्यूकने हा बांधला. नावाचा अर्थ एकांत; पण ड्यूकसाहेबांनी इथे एकांतापेक्षा मेजवान्याच अधिक केल्या. १७८२ साली अशाच एका समारंभाच्या रात्री, वाडा दिव्यांनी उजळला असताना, कवी शिलर ड्यूकच्या जाचाला कंटाळून स्टुटगार्टहून पळाला. वाड्यापासून लुडविग्सबुर्गपर्यंत तेरा किलोमीटरांचा सरळसोट रस्ता आखलेला आहे. आणि याच एकांताचे नाव घेऊन जवळच्या रानातल्या सुमारे साडेअकरा किलोमीटरांच्या वळणावळणांच्या रस्त्यावर १९६५ पर्यंत मोटारींच्या शर्यती होत. आज तो साधा रहदारीचा रस्ता आहे.

आम्ही पायऱ्या उतरलो आणि पाऊस आला. बसला अवकाश होता. भाचा गाडीचा टप चढवून उभा होता. काही म्हणाला नाही. ताईने एकदा आभाळाकडे पाहिले, एकदा चाकांकडे. मग वाकून तिने मागच्या टायरच्या खाचेत बोट घातले, जणू भाकरीच्या पिठाची परात चाचपते आहे.

"खोल आहेत रे," ती म्हणाली, आणि दार उघडून आत बसली.

जागा दोनच. मी झाडाखाली, रस्त्यापासून साधारण त्या मायक्रोफोनच्या अंतरावर, उभा राहिलो. रानातल्या त्या रस्त्याने फेरी मारून वीस मिनिटांनी गाडी परत आली. इंजिनच्या आधी मला टायर ऐकू आले: ओल्या डांबरावरून पाणी चिरत येणारा एक लांब 'स्स्स'. वळणावर तो आवाज बदलला नाही. तेवढेच मी ऐकत होतो.

ताई उतरली. पदर सारखा केला. "वळणावर मी डोळे मिटले नाहीत," म्हणाली. पुढे घरी जाईपर्यंत ती द्राक्षांच्या मळ्यांविषयीच बोलत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कऱ्हाडला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीच्या टायरांत ते युरोचे नाणे खोचून पाहिले. सोनेरी कड चारही चाकांवर लखलखीत दिसत होती. तडक टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने खाली बसून टायर पाहिले आणि गुरुजनांविषयीच्या आदराने म्हणाला, "सर, कशाला खर्चात पडता? अजून एक पावसाळा निघेल की."

मी म्हटले, "नको. आजच बदल."