सुई कूस बदलते तेव्हा

गेल्या दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो. लिहिताना अडत नाही. अडतं ते काचपट्टीवरची सुई लोळवताना.

नाशिक-पुण्याकडच्या दगडखाणींत, विहिरींच्या खोदकामात बेसॉल्टच्या पोकळ्यांतून निघणारे पांढऱ्या सुयांचे झुपके मी चाळीस वर्षं पाहतो आहे. स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट या खनिजांनी मला कधी छळलं नाही. छळलं ते स्कोलेसाइट आणि मेसोलाइट या जोडीनं. ध्रुवण सूक्ष्मदर्शकाचे निकल क्रॉस करून स्टेज फिरवली की मेसोलाइटची सुई सरळ काळी पडते, स्कोलेसाइटची सतरा-अठरा अंश तिरकी. पुस्तकात एवढंच असतं. पण स्कोलेसाइटची सुई नको त्या कुशीवर पडली असेल, तर तीही सरळच काळी पडते! म्हणून झाकणकाच पेन्सिलीच्या टोकानं केसभर सरकवायची. काचेखालच्या तेलातली सुई कूस बदलते. मग पुन्हा स्टेज. एका सुईवर कधीच विसंबायचं नाही, आणि मेसोलाइटचा तो मेलेला राखाडी रंग डोळ्यांत मुरवून ठेवायचा.

हल्ली नमुना कुटून एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरण तपासणीला, पाठवतात आणि संगणकानं सुचवलेलं पहिलं नाव लिहून मोकळे होतात. त्या यंत्राशी माझं वैर नाही. मेसोलाइटमध्ये सोडियमचा एक थर आणि कॅल्शियमचे दोन असे आळीपाळीनं बसतात, त्यामुळे त्याचा एक अक्ष त्याच कुळातल्या नॅट्रोलाइटच्या तिप्पट होतो, हे क्ष-किरणांनीच दाखवलं. पण एकाच सुईत बुडाशी एक खनिज आणि टोकाला दुसरं असू शकतं. भुकटी केली की ते कायमचं गेलं. व्यापाऱ्यांचं तर विचारूच नका. पांढरी सुई दिसली की स्कोलेसाइट.

मीही तेच केलं होतं. विभागाच्या कपाटातला सगळ्यात देखणा झुपका मी पाहुण्यांसमोर नुसत्या नजरेनं ओळखला होता. ते थक्क झाले, आणि मला ते फार आवडलं. लेबल माझ्याच अक्षरात: स्कोलेसाइट. यंदा माझ्या विद्यार्थिनीनं त्याच्या चौदा सुया लोळवल्या. "सर, एकही तिरकी जात नाही." मी म्हणालो, "अगं, पुन्हा बघ." मला शंका नव्हती, पोरगी चुकलेली मला हवी होती. तिनं पुन्हा पाहिलं. नंतर मी डोळा लावला आणि सुया तिनं लोळवल्या. कूस बदलली तरी सरळच, आणि तोच मेलेला राखाडी रंग.

नव्या लेबलवर मेसोलाइट लिहिलं आहे, तिच्या अक्षरात.

माझ्या हातचं 'स्कोलेसाइट' असं लेबल असलेले नमुने ज्यांच्याकडे असतील, त्यांनी चार सुया काढून पुन्हा तपासाव्यात. लोळवून तपासाव्यात.