एल्साची धून

जॉन बॅरीची ‘बॉर्न फ्री’ची धून मी पहिल्यांदा ऐकली ती सांगलीत, सर्कशीच्या तंबूत. हा जिल्हा विष्णुपंत छत्र्यांचा. अंकलखोपच्या या माणसाने १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. त्यामुळे गावात तंबू पडला की आमच्याकडे घरात लग्न निघाल्यासारखी लगबग असे. रिंगणाभोवती उंच जाळी चढली, सळ्यांच्या अरुंद वाटेतून सिंह एकामागून एक आत आले, आणि वर माचावर बसलेल्या ट्रम्पेटवाल्याने एक संथ, भारदस्त चाल धरली. आधी दोन लांब सूर, मग हळूहळू उघडत जाणारी ओळ. रिंगमास्टरचा चाबूक कडाडत होता, सिंह स्टुलांवर चढत होते आणि माझ्या अंगावर आनंदाने शहारे येत होते. ती चाल सिंहांचीच आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

चालीचं नाव कळलं ते पुण्यात व्हायोलिन शिकताना. माझ्या सरांकडे त्या चित्रपटाच्या संगीताची रेकॉर्ड होती. तीच धून, पण आता संपूर्ण वाद्यवृंदात. हॉर्न गात होते आणि त्यांच्याखाली व्हायोलिन, चेलो यांचे लांबच लांब स्वर पसरले होते. सरांनी गोष्टही सांगितली. १९५६ साली केनियात जॉर्ज अ‍ॅडम्सन यांच्यावर एक सिंहीण चाल करून आली. त्यांनी तिला गोळी घातली आणि मग तिचे तीन बछडे सापडले. दोघींना हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. सर्वांत लहान, ती एल्सा. जॉर्ज आणि जॉय यांनी तिला वाढवलं, शिकार करायला शिकवलं आणि रानात सोडलं. जॉय अ‍ॅडम्सन यांच्या पुस्तकावरून जेम्स हिल यांनी १९६६ मध्ये चित्रपट केला. त्याच्या संगीतासाठी बॅरीला दोन ऑस्कर मिळाली, एक पार्श्वसंगीताचं आणि एक गीताचं.

ते गीत डॉन ब्लॅकचं, आवाज मॅट मन्रोचा. चित्रपटाच्या पहिल्या खेळाला ते काढून टाकलं होतं आणि मागाहून परत घातलं. मला मात्र आजही ती धून शब्दांविना हवी असते. स्वातंत्र्याबद्दलचे शब्द माणसाचे. सिंहिणीकडे वळायचं तर नुसते सूर बरे.

त्याच सरांकडे हेन्री मॅन्सिनीचं ‘हातारी’ ऐकलं. तो चित्रपट १९६२ चा, टांगानिकात प्राणिसंग्रहालयांसाठी जनावरं पकडणाऱ्या मंडळींचा. त्यात हत्तीची तीन पिल्लं पाण्यावर निघतात. मॅन्सिनीने तिथे बुगी-वुगीचा ठेका घेतला आणि वर चिमुकल्या क्लॅरिनेटची खोडकर चाल ठेवली. ती ऐकताना पिल्लांचे गुबगुबीत पाय, डुलणाऱ्या सोंडा दिसतात. त्या संगीताची नजर प्राण्याच्या अंगावर आहे. बॅरीची नजर प्राण्याच्या पलीकडे, त्याला धावायला लागणाऱ्या माळावर आहे. एल्साची चाल किंवा तिची डरकाळी तो वाद्यांतून काढत नाही. तिच्याभोवती जागा मोकळी करतो आणि ती तिला देऊन टाकतो. प्राण्याबद्दलचा आदर सुरांत असा दाखवता येतो, हे मला त्या रेकॉर्डने शिकवलं.

चित्रपट पाहिला तेव्हा मी नोकरीला लागले होते. एल्सा आपली पिल्लं घेऊन माणसांना भेटायला येते, तिथे वाद्यवृंद भरून येतो आणि माझेही डोळे भरून आले. मग मी पुढचं वाचत गेले. चित्रपट निघायच्या आधीच, जानेवारी १९६१ मध्ये, गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराने एल्सा गेली होती. वय जेमतेम पाच वर्षं. चित्रपटात काम केलेल्या सिंहांपैकी काही जॉर्ज अ‍ॅडम्सन यांच्या हाती आले, त्यांना रान मिळालं. बाकीचे बहुतेक प्राणिसंग्रहालयांत गेले. ज्यांच्या पावलांवर ती मोकळी धून वाजली, त्यांच्याच वाट्याला पुन्हा सळ्या आल्या.

हे कळल्यावर कितीतरी दिवस मी ती धून वाजवली नाही. परत वाजवायला लागले ती व्हर्जिनिया मॅकेना आणि बिल ट्रॅव्हर्स यांच्यामुळे. पडद्यावर अ‍ॅडम्सन दांपत्य झालेले हे दोघे खऱ्या आयुष्यातही पतिपत्नी. पुढे त्यांनी पोले पोले नावाच्या हत्तिणीच्या पिल्लाबरोबर एक चित्रपट केला. ते पिल्लू केनियाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला भेट दिलं आणि १९८३ मध्ये ती तिथल्या कैदेतच मेली. दुसऱ्या वर्षी या दोघांनी ‘झू चेक’ ही चळवळ उभारली. आज ती ‘बॉर्न फ्री फाउंडेशन’ म्हणून ओळखली जाते. चित्रपटाने दिलेला शब्द पाळायला कलावंत स्वतः पुढे झाले होते.

आपल्याकडे केंद्र सरकारने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी व्हायोलिन काढलं आणि एल्साची धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ती शिकवते. पहिल्या दोन सुरांना घाई करू नका, बो पूर्ण लांबीने ओढा, एवढंच सांगते. गोष्ट मात्र सगळी सांगते. रॉटरडॅमला गेलेल्या एल्साच्या बहिणींची आणि आमच्या तंबूतल्या सिंहांचीही. हे ऐकून मुलांचं वाजवणं मंदावत नाही, उलट त्यांचे सूर अधिक लांब होतात. बॅरीने सिंहिणीला माळ दिला तो सुरांत. जमिनीवरचा माळ तिच्यासाठी राखणं हे ऐकणाऱ्यांकडे राहिलेलं काम आहे. ही धून आवडणाऱ्या प्रत्येकाने त्यातला आपला वाटा उचलावा, असं मला मनापासून वाटतं.