काय शिकलास? घंटा!

"वर्षभर ऑनसाइट राहून काय शिकलास रे?" परत आल्यावर एका मित्राने विचारलं. "घंटा!" मी म्हणालो. तो खो खो हसला. पण मी अक्षरशः खरं बोलत होतो.

झालं असं. २०२३ च्या जानेवारीत मी इंग्लंडात रेडिंगजवळच्या एका खेड्यात राहत होतो. साडेचारला अंधार, हापिस ते घर आणि घर ते हापिस. एकदा चर्चच्या फलकावर कागद दिसला: ६ मे ला राजाचा राज्याभिषेक, त्या दिवशी घंटा वाजवायला माणसं हवीत, शिकवू. धर्माची अट नाही. पुण्यात दोन वर्षं ढोलपथकात काढलेल्या माणसाला एवढं आमंत्रण पुरे!

मनोऱ्यात सहा घंटा. प्रत्येकीला एक दोर आणि एक माणूस. घंटा काही शे किलोची, मोठ्या चाकाला जोडलेली. दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते आणि तोंड आकाशाकडे करून क्षणभर थांबते. याला साधारण दोन सेकंद लागतात, त्यामुळे गाणं वगैरे वाजवणं विसरा. मग वाजवायचं काय, तर क्रम. आधी १ २ ३ ४ ५ ६. मग प्रत्येक फेरीत क्रम बदलायचा. पण एका वेळी घंटेने फक्त शेजारच्या घंटेशी जागा बदलायची, आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सहा घंटांचे ७२० क्रम होतात. सात घंटांचे ५०४०, त्याला तीनेक तास लागतात. समोर कागद नाही, सगळं डोक्यात. यावरचं पहिलं पुस्तक १६६८ सालचं आहे. शेजारच्यांची अदलाबदल करत सगळी परम्युटेशन्स काढायचा अल्गोरिदम आमच्या पुस्तकांत विसाव्या शतकातल्या तीन गणितज्ञांच्या नावावर आहे. या मंडळींनी तो त्याच्या तीनशे वर्षं आधी दोरावर चालवला होता!

आमचा मनोरा ऑक्सफर्ड डायोसिसच्या गिल्डमधे येत होता. १८८१ साली स्थापन झालेली ही संघटना तीन परगण्यांत पसरलेली आहे. तिच्या शाखांचं वर्ष ठरलेलं. महिन्यातून एकदा सगळ्यांची मिळून प्रॅक्टिस. एक वार्षिक सभा (चहा, केक आणि इतिवृत्त. आपल्या सोसायटीची सभाच, फक्त भांडणं हळू आवाजात). उन्हाळ्यात सहल, म्हणजे एका दिवसात पाच गावचे मनोरे आणि मधे एक पब.

पण खरं काम वेगळंच. माणसं पुरवणं. आमच्याकडे घंटा सहा आणि माणसं पाच. मार्च २०२० मधे कोविडने सगळे मनोरे बंद पडले, ते उघडल्यावर दोघं परत आलीच नाहीत. उरलेल्यांत सत्तरीच्या आतलं कोणी नव्हतं. रविवारी शेजारच्या गावाहून कोणीतरी गाडी काढून यायचं, तेव्हा कुठे सहा दोर हलायचे. मी सहावा झालो.

मे मधे राज्याभिषेकाला वाजवलं, साधंच, १ ते ६. सप्टेंबरमधे शाखेची स्पर्धा होती. परीक्षक बाहेर बसून चुका मोजतात, आत कोण आहे हे त्यांना दिसत नाही. मधेच मी जागा हरवली. माझ्यामुळे चौथी घंटा चुकली, तिच्यामुळे पाचवी, आणि बाहेर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज गेला. शेवटून पहिले आलो. मी आमच्या कॅप्टन आजींची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "अरे, चार वर्षांत आपल्याकडे सहा जणच नव्हते. या वर्षी आपण हरू तरी शकलो."

१२ नोव्हेंबरला युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन. लोलकाच्या एका बाजूला चामडं बांधतात, त्यामुळे एक ठोका खणखणीत आणि पुढचा जणू लांबून आलेला. त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होतं. सकाळी तो दबका ठोका ऐकला आणि संध्याकाळी खोलीत एकट्याने पणती लावली. का कोण जाणे, आजोबांची फार आठवण आली.

३१ डिसेंबरला सरतं वर्ष तसंच चामडं बांधून वाजवलं. बाराला पाच मिनिटं असताना वर चढून चामडी काढली आणि नवीन वर्ष मोकळ्या आवाजात वाजवलं. जानेवारीत प्रोजेक्ट संपलं. शेवटच्या प्रॅक्टिसला मी दोर गुंडाळून खुंटीला लावला. कोणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पाचच असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रोजेक्टचं हॅंडओव्हर मी दोन आठवडे केलं. याचं कोणाला करणार?

असो. टिळक-रानड्यांच्या १८९० सालच्या चहामुळे आपल्याला पंचहौद मिशन माहीत असतं. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत, अशाच दोराने वाजवायच्या. हे मला गुरुवार पेठेत नव्हे, त्या खेड्यातल्या आजींनी सांगितलं! परवा मनोऱ्याखाली जाऊन उभा राहिलो. परवानगी वगैरे सगळं विचारायचंय अजून. पण आठ घंटा म्हणजे आठ माणसं लागणार. मी एक.

कोणी येतंय का?