सावित्रीच्या काठानं सायकल

कोकणातला रस्ता लई देखणा, असं कॅलेंडरवाले सांगतात. खोटं नाही ते. महाडहून म्हाप्रळकडं निघालं की सावित्री सोबत चालते. चढ, उतार, पुन्हा चढ. पुढं मंडणगड, केळशी, आंजर्ले, हर्णै. समुद्रात सुवर्णदुर्ग. पण दोस्तहो, कॅलेंडरात तहान छापत नाहीत.

आपली सायकल बिनगियरची. पाय रातपाळीत उभं राहून जड झालेले. चढाला उतरून ढकलायची. घशाला कोरड. एका वाडीत पाणी मागितलं. म्हातारीनं तांब्या उचलला अन् ओटीवरनं सवाल आला, "आडनाव काय तुमचं?"

सांगितलं. तांब्या जरा थबकला. मग लांबूनच, उंचावरनं ओंजळीत धार.

सकाळीच चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून आलो होतो. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर! पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागनं चालत गेल्यावर. अन् त्याच दिवशी मंडपात जेवत्या माणसांवर लाठ्या पडल्या. वर तळ्याची शुद्धी केली ती शेणमुताच्या १०८ घागरी ओतून. रत्नागिरीकडची माणसं भाकरी बांधून हेच डोंगर तुडवत आली असतील. त्यांना कुठल्या वाडीनं पाणी दिलं असेल?

मी ओंजळ सोडली. पाणी मातीत गेलं. म्हातारी काही बोलली नाही.

वाट वाकडी करून आंबडव्याला गेलो, बाबासाहेबांच्या मूळ गावी. तिथं पोटभर प्यालो, बाटली भरली. हर्णैला पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. उद्या बाणकोट. चाकात हवा मारून ठेवलीय.