उतारावरचा पाचोळा

मुळशीकडच्या उघड्या उतारावर माझं काम पुन्हा पुन्हा एकाच जागी अडतं: पाचोळा थांबत नाही. ऐन, किंजळ, नाणा यांची पानं गळतात ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, जमिनीत ओल नसताना. ओल नाही तर बुरशी हलत नाही. पान कुजायचं ते मृगानंतरच्या ४ महिन्यांत. पण वैशाखातलं वारं त्याआधीच अर्धी पानं ओढ्यात नेऊन टाकतं आणि उरलेली पहिल्या लोंढ्याबरोबर जातात. वणवा लागला तर तेवढीही नाहीत. देवराईत खोडं, मुळं, पडलेले ओंडके पान धरून ठेवतात. इथे धरायलाच कोणी नाही. दगडी बांध घालून पाहिले. बांधाशी पानांचा ढीग लागतो, मधली जमीन उघडीच राहते.

बाजारात मायकोरायझाच्या पुड्या मिळतात. त्यानं पाचोळाही कुजेल असं सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. पान कुजवणारी बुरशी वेगळी, मुळांत राहणारी वेगळी. दुसरी झाडाकडून साखर घेते आणि तांबड्या मातीत लोहाला चिकटून बसणारं स्फुरद, मुळांचे केस पोहोचत नाहीत तिथून, आणून देते. तिला जिवंत मूळ लागतं. उतारावरचं गवत खरवडून खड्डे घेणारे आधी तिचा आसरा काढून घेतात, मग त्याच खड्ड्यात पुडी रिकामी करतात. मियावाकीवाले चौरस मीटरला ३-४ रोपं लावून वर पेंढा अंथरतात. शहरातल्या सपाट तुकड्यावर ठीक आहे. आमच्याकडे पेंढाही ओढ्यालाच जातो.

गुडघे थकले तेव्हापासून वरचा टप्पा माझी विद्यार्थिनी सांभाळते. कारवी फुलून वाळली, गावात कुडासाठी काठ्या हव्या होत्या. ती म्हणाली, "सर, निम्मी उभीच ठेवूया का?" वाळकी कारवी म्हणजे वणव्याला आमंत्रण, म्हणून भोवतीची जाळरेषा रुंद केली आणि ठेवली. काठ्या इतक्या दाट की पान त्यांत अडकलं, ढीग न होता पसरून राहिलं. श्रावणात थर उचलला तर खालची पानं पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना शिवून टाकल्यासारखी होती. असं मी उघड्या उतारावर कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे आले की त्यांना मी तिथेच नेतो. कल्पना तिची, हे सांगतो. थर मात्र मीच उचलतो. तो मान तिला द्यायला माझं मन अजून तयार होत नाही.

पण काठ्याही कुजणार, आणि कारवी फुलते साधारण ८ वर्षांनी. मधल्या काळात पान कोण धरणार? ती म्हणते, करवंदाच्या जाळ्या वाढू द्या. शेळ्याही आत शिरत नाहीत. मला ऐनाच्या तोडलेल्या बुंध्यांचे फुटवे राखायचे आहेत, कारण तिथे मुळं आधीपासून जिवंत आहेत. यंदा वर तिच्या जाळ्या, खाली माझे फुटवे. माझ्याकडे जास्त पान थांबावं, असं मला मनापासून वाटतं.