दादरचा पूल

पहाटेचे चार वाजलेले असतात. मुंबई अजून पुरती जागी झालेली नसते; परंतु दादर स्थानकाच्या पश्चिमेस फुलबाजारात केव्हाच उजाडलेले असते. दिव्यांच्या प्रकाशात झेंडूच्या राशी पिवळ्याधमक दिसतात. वसईकडून सोनचाफा येतो. कसारा-कर्जतकडून दूर्वा, पळसाची पाने आणि आंब्याचे टहाळे घेऊन बायका येतात. त्यांतील कोणी रात्रीच्या शेवटच्या गाडीने येऊन पदपथावरच घटकाभर पाठ टेकलेली असते. शहराच्या देवघरात सकाळी जे फूल वाहिले जाते, त्यामागे असे कोणाचे तरी जागरण असते.

दिवस वर येतो आणि स्थानकाचा पूल माणसांनी भरून वाहू लागतो. दादर म्हणजे जिना. हे नाव गावाला शोभून दिसते. कारण येथे प्रत्येकजण जिना चढत असतो किंवा उतरत असतो. मध्य आणि पश्चिम असे दोन रेल्वेमार्ग येथे शेजारी शेजारी येतात आणि एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाणारी माणसे या पुलावरूनच जातात. दोन्ही मार्गांच्या फलाटांचे क्रमांक पूर्वी वेगवेगळे होते. त्यामुळे एका क्रमांकाचे दोन फलाट असत आणि नवखा प्रवासी हमखास चुके. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक मिळाले, आणि हा घोटाळा मिटला.

हे गजबजलेले ठाणे एके काळी भातखाचरांचे आणि ताडामाडांचे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, असा तो थाट होता. पुढे १८६७ साली विरारहून मुंबईस दुसऱ्या मार्गाने गाडी धावू लागली. असे हे दोन्ही लोहमार्ग दादरच्या शिवारातून गेले.

परंतु दादरची वस्ती वाढली ती एका संकटातून. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीच्या, अंधाऱ्या घरांत माणसे पटापट मेली. तेव्हा शहराला मोकळी हवा हवी, हे साऱ्यांना उमगले. १८९८ साली शहरसुधारणेसाठी एक मंडळ नेमण्यात आले. त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते आखले, झाडे लावली आणि नव्या वसाहतींसाठी जागा दिल्या. आज हिंदू कॉलनीत वा पारशी कॉलनीत झाडांची जी गर्द सावली पडते, तिच्या मुळाशी त्या मृत्यूच्या दिवसांची आठवण आहे.

या दादरमध्येच दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला. १९१३ साली तो लोकांपुढे आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि चित्रफितीच्या कामातही हात लावीत. येथेच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राजगृह’ हे घर बांधले. त्यात माणसांइतकीच पुस्तकांच्या निवाऱ्याची काळजी घेतलेली होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ती जागा आज चैत्यभूमी म्हणून ओळखली जाते.

दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे दादरला येतात. ज्यांच्या आजापणजांना गावच्या पाणवठ्यावर जाण्याची बंदी होती, ती माणसे याच जिन्यावरून ताठ मानेने उतरतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागलेली असतात. परतताना अनेकांच्या पिशवीत शिदोरीच्या जागी पुस्तके असतात.

गर्दी ही अशी पवित्र होऊ शकते. परंतु तीच क्रूरही होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, येथून जवळच, परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसामुळे लोक अडकून पडले. चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस जण प्राणांस मुकले. त्यांपैकी कोणाचेच कोणाशी वैर नव्हते. पूल अरुंद होता, आणि मागच्याला पुढचा दिसत नव्हता. पुढे सैन्याने तेथे नवा पूल उभारला. २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. एक उणीव अशी भरून निघाली. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

दादरच्या पुलावर आजही पावले घाईनेच पडतात. मात्र जिन्याच्या पायथ्याशी एखादी म्हातारी दूर्वांची जड पाटी पुढ्यात घेऊन उभी असते. पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. ती कोणाला नावाने ओळखत नाही, नुसतेच म्हणते, “जरा हात लाव रे बाबा!” तेव्हा परीक्षेला निघालेला एखादा विद्यार्थी थांबतो, दप्तर सावरतो आणि पाटीला हात लावतो. त्याची एक गाडी चुकते. म्हातारी “सुखी राहा, लेकरा” म्हणून जिना चढू लागते, आणि मागून येणारी माणसे तिच्या पाटीला वाट देण्यासाठी क्षणभर बाजूला सरतात.