पाना आणि प्रमाणपत्र

यवतमाळ जिल्ह्यात मोटार मेकॅनिक दोन वाटांनी घडतो. एक वाट गॅरेजची. पोरगा शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली लागतो, सुरुवातीला रॉकेलात सुटे भाग धुतो, मग चाके, ब्रेक, क्लचप्लेट करत काही वर्षांनी इंजिन उतरवण्यापर्यंत पोहोचतो. दुसरी वाट आयटीआयची. काम दोघांनाही सारखेच मिळते: वणीकडे कोळशाचे टिप्पर, पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे ट्रक आणि हंगामात गावोगावी कापूस वाहणारे ट्रॅक्टर. अशा कामात मुरलेल्या माणसाची परदेशातही गरज आहे. अडते ते कागदांवर, कारण कुशल कामगाराचा व्हिसा देताना प्रमाणपत्र, अनुभवाचा पुरावा आणि भाषा या तीन गोष्टी तपासल्या जातात.

महाराष्ट्रातल्या मेकॅनिकसाठी आज सर्वांत ठळक दार जर्मनीचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्यात सुमारे १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवण्याचे ठरले आणि त्यात हलक्या व जड वाहनांचे मेकॅनिकही धरले गेले. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीझ आणि पोर्शचे गाव.

जर्मनीत या व्यवसायाचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असते. २००३ मध्ये तिथे मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय एकत्र करून मेकॅट्रॉनिक हा नवा व्यवसाय केला गेला. आपल्या मेकॅनिकची उणीव नेमकी इथे निघते: गिअरबॉक्समध्ये तो पक्का असतो, वायरिंग आणि सेन्सरमध्ये कच्चा. ही उणीव तिथे नोकरी करता करता भरून काढण्याची सोय १ मार्च २०२४ पासून झाली आहे. त्यासाठी नोकरीचा करार, ए-२ पातळीची जर्मन आणि मायदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागते. पात्रतेला पूर्ण मान्यता मिळवण्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात.

दोन वर्षांची ही अट प्रवेशाच्या दिवशीच ध्यानात घ्यायला हवी. आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, ‘मेकॅनिक डिझेल’ एकच वर्षाचा. लवकर कमाईला लागण्यासाठी डिझेल निवडणारा मुलगा जर्मनीची ही वाट नकळत बंद करून बसतो. ही गोष्ट पालकांना प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही, याची खंत वाटते.

गॅरेजात शिकलेल्याची अडचण याहून मोठी. पगार रोखीत, हजेरीची वही नाही, दुकानाची नोंदणी असेलच असे नाही. दहा वर्षांच्या अनुभवाचा एक चिटोराही हाती नसतो. उस्तादाने लेटरहेडवर कामाचा कालावधी आणि स्वरूप लिहून द्यावे, पगार बँकेत जमा व्हावा, एवढे केले तरी पुढचा रस्ता बराच मोकळा होतो. कॅनडाच्या कुशल कारागीर योजनेत मागच्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागतो. ऑस्ट्रेलियात ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही संस्था कौशल्य तपासते. दोन्हीकडे इंग्रजीची परीक्षा असतेच.

आखाती देशांत भाषेची अट ढिली, पण तिथे कायमचे राहण्याची वाट जवळपास नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास परवानगीची अट लागते आणि सौदी, कतार, ओमानसह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी ती परवानगी काढावी लागते. म्हणून गॅरेजात रमलेल्या मुलाने निदान दहावी बाहेरून तरी पूर्ण करावी.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी सक्तीची आहे. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. शेत गहाण टाकून लाखोंची रक्कम मागणाऱ्याच्या हाती देण्याआधी हा क्रमांक पाहावा. व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटनाचा, हेही स्वतः वाचावे. पर्यटन व्हिसावर पाना हाती घेणारा माणूस तिथल्या कायद्यापुढे गुन्हेगार ठरतो आणि पगार बुडाला तरी दाद मागायला कचरतो.